इथं अश्रू ढाळा

शॅम्पूच्या पुडीच्या कोपऱ्यात एक तुटक रेघ असते आणि रेघेपाशी इंग्रजीत दोन बारीक शब्द छापलेले असतात. कंपनीला म्हणायचं असतं, इथून फाडा. पण त्यातला पहिला शब्द आहे टी-ई-ए-आर. तो 'टेअर' वाचला तर फाडणं होतं, 'टिअर' वाचला तर अश्रू. नांदगाव पेठेत हायवेला लागून असलेल्या एका किराणा दुकानात सातवी-आठवीतला एक पोट्टा पुडीवरचं इंग्रजी खणखणीत आवाजात वाचत होता, "टिअर हिअर!" म्हणजे, इथं अश्रू ढाळा. दुकानदार म्हणाला, "बरोबरच लिवलं हाय. डोयात गेला का तेच होते."

हा प्रकार पुट-बटच्या पुढचा आहे. पुट-बटवर हसता हसता महाराष्ट्राच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. तिथं निदान स्पेलिंगं तरी वेगळी होती. इथं स्पेलिंग एकच, अक्षर न् अक्षर तेच, आणि अर्थ बदलला की उच्चार बदलतो. म्हणजे आधी अर्थ कळला पाहिजे, मग उच्चार करता येणार. आणि आपण तर अर्थ कळावा म्हणूनच वाचायला घेतलेलं असतं!

या विषयाच्या अभ्यासाला ऑक्सफर्डपेक्षा नांदगाव पेठ बरी, असं माझं मत आहे. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या भाषेत 'सहा नंबर'वर, हे गाव लागतं. नांदगाव पेठ म्हणायचं, नुसतं नांदगाव नाही. नुसतं नांदगाव म्हटलं तर याच जिल्ह्यातलं नांदगाव खंडेश्वर मध्ये येतं, नाशिक जिल्ह्यातलं रेल्वेवालं नांदगाव येतं, आणि झोप लागली तर माणूस छत्तीसगडात राजनांदगावला उतरतो. एकाच स्पेलिंगचे अनेक अर्थ ही गोष्ट इथल्या माणसाला पाळण्यातच कळलेली असते. त्यात गावाशेजारी एमआयडीसी, १३५० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, टोल नाका, कापडाच्या गिरण्या. शिवाय 'पीएम मित्रा' नावाचं वस्त्रोद्योग पार्क येतंय, ज्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याहून झाली. (मराठी कानाला ते नाव पंतप्रधानांनी कुणाला तरी 'अरे मित्रा' अशी हाक मारल्यासारखं वाटतं.) एवढ्या सगळ्या कारभारापायी गावात इंग्रजी पाट्या इतक्या झाल्यात की शेळ्यासुद्धा त्यांच्या सावलीला बसतात.

गिरणी आली की वाइंडिंग आलं. सूत कातून झालं की ते कोनावर गुंडाळतात, तो विभाग वाइंडिंगचा. स्पेलिंग मात्र डब्ल्यू-आय-एन-डी-आय-एन-जी. बारावी पास झालेला मुलगा मुलाखतीला जातो, दारावरची पाटी वाचतो आणि आत जाऊन सांगतो, "सर, मला विंडिंग डिपार्टमेंट पाहिजे." साहेबाला वाटतं, याला वाऱ्याचं खातं पाहिजे. उलट त्याचा बाप, जो इंग्रजी शाळेच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही, तो हा शब्द जन्मात चुकणार नाही. कारण त्याच्या विहिरीवरची मोटार दर दोन वर्षांनी जळते. शेतकऱ्याच्या आयुष्यात सोयाबीन, पराटी आणि हरभऱ्याच्या खालोखाल कुठला शब्द येत असेल तर तो 'वायंडिंग'. हायवेच्या कडेला मोटार रिवायंडिंगचं दुकान असतं. त्यातला मिस्त्री तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात बसून सांगतो, "भाऊ, वायंडिंग जयलं. आता अख्खी तार काढा लागते अन् नवी गुंडाया लागते." त्याला त्या शब्दाचं स्पेलिंग विचारलं तर तो पाटी रंगवणाऱ्याचा मोबाइल नंबर देईल. पण उच्चार लंडनच्या रेडिओवाल्यासारखा. शब्द त्याला तारेबरोबर मिळाला, पुस्तकाबरोबर नाही.

या वाइंडचं भूतकाळी रूप आणखी नामी आहे. डब्ल्यू-ओ-यू-एन-डी. 'वाउंड' म्हटलं तर गुंडाळलेलं, 'वूंड' म्हटलं तर जखम. गिरणीच्या गोदामात गुंडाळलेल्या कोनांच्या खोक्यावर हा शब्द दिसला की नवा माणूस बिचकतो. एवढे जखमी, आणि दवाखान्यात न नेता खोक्यात! शिवणकामाच्या विभागात तर याहून मोठा धोका. शिवणाऱ्याला इंग्रजीत 'सोअर' म्हणतात आणि त्याच स्पेलिंगाचा 'सूअर' म्हणजे गटार. वऱ्हाडी माणसाला 'सूअर' ऐकल्यावर गटारही आठवत नाही, गटारातला प्राणी आठवतो. उद्या एखाद्या कंपनीनं जाहिरात दिली की आम्हाला दोनशे सोअर पाहिजेत, तर ग्रामपंचायत डुकरं धरून नेऊन देईल आणि वर आभाराचा ठरावही करील. म्हणूनच की काय, जाहिरातीत टेलर किंवा ऑपरेटर असं सुरक्षित छापतात.

त्या जाहिरातीखाली लिहिलेलं असतं, रेझ्युमे घेऊन या. पोरं म्हणतात 'रिझ्यूम'. त्यांचा दोष नाही. फ्रेंचांकडनं घेतलेल्या या शब्दाच्या डोक्यावर दोन तिरप्या रेघा असतात, त्या छापताना कुणी देत नाही. आणि मोबाइलमध्ये गेम थांबवला की पुन्हा सुरू करायचं बटन याच स्पेलिंगाचं असतं. सहा महिने घरी बसलेल्या पोरानं आयुष्याचा 'रिझ्यूम' मागितला तर त्यात चूक काय ते मला तरी दिसत नाही.

टोल नाक्यावर तर भाषाशास्त्र रांगेतच उभं असतं. एका लेनच्या तोंडाशी प्लास्टिकचे शंकू आणि पाटी, 'लेन क्लोज'. हा क्लोज म्हणजे बंद करणं. त्याच पाच अक्षरांचा 'क्लोस' असा उच्चार केला तर जवळ. आपण मराठी माणसं दोन्हीकडे क्लोजच म्हणतो. त्यामुळे आपले क्लोज फ्रेंड हे काटेकोर इंग्रजीत बंद मित्र असतात, आणि उसने पैसे मागायला गेलं की ते खरंही ठरतं. पलीकडे वीज केंद्राच्या तारा. 'लाइव्ह' वायर म्हणजे जिवंत तार. तेच 'लिव्ह' वाचलं तर जगा. मृत्यूच्या कवटीखाली 'जगा' असा आशीर्वाद छापणारी भाषा दुसरी नसेल.

आणि मोपेड! १९७२ साली लुना आली आणि वऱ्हाडातल्या मास्तरांना पेडल मारायचं वाहन मिळालं. मोटार आणि पेडल मिळून मोपेड. पण हेच स्पेलिंग 'मोप्ड' असं वाचलं तर अर्थ होतो, तोंड पाडून बसला. चढावर लुना बंद पडली आणि मास्तर दगडावर टेकले की दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी एकाच वेळी पाहायला मिळत.

पेट्रोल पंपावर पूर्वी 'अनलेडेड' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असे. एल-ई-ए-डी, लेड, म्हणजे शिसं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल विकायचं ठरलं, तेव्हा ही पाटी गावोगावी लागली. आता ही चार अक्षरं 'लीड' अशीही वाचतात. मतमोजणीच्या दिवशी तर तोच उच्चार चोवीस तास टीव्हीवर. त्यामुळे पंपावर उभे राहून लोक 'अनलीडेड' वाचत. ज्याला नेता नाही असं पेट्रोल. वऱ्हाडात, जिथं चार माणसं जमली की पाच नेते निघतात, तिथं असं काही विकायला आलंय याचंच लोकांना अप्रूप होतं.

इंग्रजांनी हे मुद्दाम केलं असं नाही. लीड आणि लेड हे जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते, तसेच टिअर आणि टेअरही. शतकांच्या ओघात त्यांचं स्पेलिंग येऊन एकाच ठिकाणी थांबलं, जसे दोन अनोळखी पाहुणे लग्नात एकाच रंगाचा फेटा बांधून बसावेत. त्यात १४७६ साली कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. स्पेलिंगं हळूहळू शिशाच्या खिळ्यांत घट्ट होऊ लागली आणि नेमक्या त्याच सुमारास इंग्लंडच्या तोंडातले स्वर जागा सोडून निघाले. पुढची दोन-तीनशे वर्षं ते चालतच राहिले. लिहिणं जागेवर, बोलणं गावाबाहेर. वाऱ्याला पूर्वी इंग्रजही 'वाइंड'च म्हणत. अठराव्या शतकात त्याचा 'विंड' झाला. पण आपल्या पोरांच्या बाबतीत हे असं उदार मनानं समजून घेणारा परीक्षक मी अजून पाहिला नाही.

इंग्रजीत आणखी एक छुपी करामत आहे ती आघाताची. शब्दाच्या पहिल्या भागावर जोर दिला की नाम, दुसऱ्यावर दिला की क्रियापद. 'प्रे'वर जोर दिला तर प्रेझेंट म्हणजे भेट किंवा हजर. 'झेंट'वर दिला तर सादर करणं. १५७० साली पीटर लेव्हिन्स नावाच्या गृहस्थानं इंग्रजी शब्दांची सूची छापली, तिच्यात असे जोर बदलणारे शब्द फक्त तीन सापडतात : आउटलॉ, रेबेल आणि रेकॉर्ड. आज त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. मराठी माणसाला हा जोराचा खेळ जमत नाही, कारण आपण शब्दावर जोर देत नाही, वाक्यावर देतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर टेबलावर. वऱ्हाडातल्या शाळेत हजेरीला 'परझेंट' असा जो आवाज येतो त्यात दोन्ही भागांवर सारखाच जोर असतो, आणि तो देणारा बहुधा गैरहजर मित्राच्या वतीनं देत असतो.

त्या तीन जुन्या शब्दांतला रेकॉर्ड मात्र आमच्याकडे वेगळ्याच रस्त्यानं आला. खरोखरच रस्त्यानं. अमरावती ते अकोला महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं होतं. त्या रस्त्यानं प्रवास केलेल्याला हाडांच्या डॉक्टरकडे आपली कहाणी सांगावी लागत नसे. अकोल्याहून आलो एवढं पुरे. आणि मग जून २०२२ मध्ये एक अचाट गोष्ट घडली. ३ जूनला सकाळी काम सुरू झालं आणि ७ जूनला संध्याकाळी थांबलं. १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा सलग ७५ किलोमीटर डांबरी रस्ता! गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमध्ये दोह्याला झालेला, २५ किलोमीटरच्या थोडा वर, आणि त्याला दहा दिवस लागले होते. वर्षानुवर्षं थांबायचं आणि पाच दिवसांत जगाच्या पुढे जायचं, हा अस्सल वऱ्हाडी हिशोब आहे. आमच्याकडं लग्नातली पंगतही अशीच बसते.

पण मला त्या रस्त्यावरची दुसरीच एक गोष्ट आठवते. विक्रमाच्या आधीची सगळी वर्षं तिथं एक पाटी उभी होती, आणि ती इंग्रजीत नव्हती. 'काम चालू आहे.' आता ही पाटी मोठ्यानं वाचा. 'चाका'तला च घेतला तर अर्थ असा की काम सुरू आहे. 'चिमट्या'तला च घेतला, जसा हिंदी बोलणारा ट्रकवाला घेतो, तर काम भलतंच लबाड आहे. गावातल्या एखाद्या बेरक्या माणसाबद्दल आपण 'लय चालू हाय तो' म्हणतो ना, त्यातला तो च. पाटी एकच, अक्षरं तीच, उच्चार दोन, अर्थ दोन. आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्या रस्त्याच्या बाबतीत ट्रकवाल्यांचंच वाचन बरोबर होतं.

म्हणजे इंग्रजीला नावं ठेवता ठेवता आपल्याच दारात येऊन पोचलो की! देवनागरी म्हणजे जसं लिहावं तसं वाचावं, ही फुशारकी आपण शाळेपासून मारत आलोय. मग 'जप' हा शब्द वाचा. देवाचा जप करायचा असेल तर जिभेतला ज, तालव्य, जीभ टाळूला लागते. तब्येत जप म्हणायचं असेल तर जाळ्यातला ज, दंततालव्य, जीभ वरच्या दातांच्या मागे. 'जग' म्हणजे दुनिया, जिभेतल्या ज-नं. 'जग' म्हणजे जिवंत राहा, जाळ्यातल्या ज-नं. 'या जगात जगायचं कसं' हे वाक्य रोज कोट्यवधी मराठी माणसं उसासा टाकून म्हणतात आणि दोन ज वेगळे लागल्याचं एकालाही कळत नाही. उसाशाकडंच सगळं लक्ष असतं. 'जरा' म्हणजे थोडं, आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. 'चार गाईंना चारा चार' यात पहिला च एका जातीचा आणि पुढचे दोन दुसऱ्या. 'चार-पाच' म्हणताना तर दोन शेजारच्या आकड्यांत च बदलतो, आणि तरी आपण 'चार-पाच' असं सैल तोंडानं म्हणून पुढे जातो.

नियम आहे, नाही असं नाही. संस्कृतातनं जसेच्या तसे आलेले शब्द तालव्यच राहिले. मराठीच्या घरच्या बहुतेक शब्दांत अ, आ, उ, ओ पुढं आले की च, ज, झ दातांकडं सरकले. तेलुगूतही असं होतं, त्यामुळे ही दक्षिणेकडच्या शेजाराची सवय असावी असं पुष्कळांना वाटतं. पण हा नियम कुठल्या मराठी आईनं पोराला शिकवला? पोरगं मांडीवर बसून 'चांदोबा' ऐकतं आणि बरोबर च उचलतं. अडतो तो मोठेपणी शिकणारा. नांदगाव पेठेसारख्या गावातल्या बँकेत परप्रांतातले साहेब बदलून येतात. माणूस सज्जन असतो, हौसेनं मराठी पाटीवरून मराठी शिकलेला असतो. काउंटरवरच्या आजीबाईंना तो नम्रपणे सांगतो, "आजी, पासबुक जपा." फक्त ज जिभेतला लावतो. आजी कीर्तनात वाढलेल्या. त्या घरी जाऊन सुनेला सांगतात, "मायबाई, आता बँकेचंई नाव घ्या लागते म्हणतात, माळ घेऊन." सून म्हणते, "व्याज वाढन त्यानं?"

इंग्रजीतही असा एक हौशी होता, पण त्याची तऱ्हा उलटी. बर्नार्ड शॉला आपल्या भाषेच्या स्पेलिंगचा इतका संताप की १९५० साली मरताना त्यानं मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसे ठेवले. एक आवाज, एक अक्षर, निदान चाळीस अक्षरं. स्पर्धा झाली, लिपी ठरली, आणि १९६२ साली तिच्यात शॉचं एक नाटक छापूनही आलं. ही लिपी ज्यांच्या हातून घडली त्या गृहस्थांचं आडनाव आर-ई-ए-डी. किंग्जली रीड. की रेड? रीड म्हणजे वाचतो, रेड म्हणजे वाचलं. आणि हे इंग्रजीतलं या जातीचं सगळ्यात बदनाम स्पेलिंग. ज्यानं हा घोळ मिटवायचा त्याच्या आडनावातच घोळ. त्यांना रीडच म्हणत. लिपी मात्र ना रीड झाली ना रेड. कपाटात पडून राहिली.

योगायोग पाहा, त्याच १९६२ साली इकडे मराठीत शुद्धलेखनाचे नवे नियम लागू झाले. उच्चार न होणारे अनुस्वार काढून टाकायचं ठरलं. मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे; त्या टिंबांनी किती पोरांचे मार्क खाल्ले असतील! पण टिंबं गेली तेव्हा त्यांच्याबरोबर एक खूणही गेली. पूर्वी 'माझें घर' असं डोक्यावर टिंब देऊन लिहीत, आणि 'माझे बाबा' टिंबाशिवाय. आता दोन्हीकडे 'माझे'. पण वाचून पाहा : 'माझे घर' म्हणताना झ दातांवर येतो, 'माझे बाबा' म्हणताना टाळूवर जातो. तसंच 'त्याचे घर' आणि 'त्याचे मित्र'. एका सरकारी निर्णयानं मराठीला इंग्रजीसारखी हजारो जोडपी बहाल केली आणि कुणी साधा मोर्चाही काढला नाही. एरवी आमच्याकडं मोर्चाला विषय कमी पडतात असं नाही.

मराठी याबाबतीत नेहमीच बेफिकीर आहे असंही म्हणता येत नाही. एके ठिकाणी तिनं चांगली काळजी घेतली आहे. आचार्य आणि आचारी. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर प्रवचन होईल, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर जेवण. दोन्ही एकच लिहिलं असतं तर कितीतरी गावांत भुकेलेल्या पंगतीसमोर प्रवचन झालं असतं. म्हणून मराठीनं खास अर्धचंद्रासारखा र काढला. आमच्या जिल्ह्यातलं दर्यापूर घ्या. दर्या म्हणजे समुद्र, आणि गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. एखादा घाईत 'दऱ्यापूर' टाइप करतो आणि समुद्राच्या दऱ्या होतात. ते तर समुद्राहून खोटं! पूर्णेच्या खोऱ्यातली ती सपाट काळी जमीन. तिथं दरी पाहायची तर आधी खणावी लागेल. समुद्र निदान पाण्याच्या चवीला तरी खरा ठरतो. सगळा खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी पिऊन पाहा, बंदर जवळच आहे असं वाटेल.

आणि वाचणाऱ्याला मुद्दाम चकवायचंच असेल तर त्यातही वऱ्हाड इंग्रजांच्या पुढं होतं. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, जिथं २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, ते महानुभावांचं मोठं स्थान. याच पंथानं तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' लिहिलं आणि पुढं आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या बनवल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी गोड नावं. दिसायचं एक अक्षर, वाचायचं दुसरं. किल्ली ठाऊक असेल त्यालाच लागायचं. शेकडो वर्षं ते ग्रंथ मराठीत असूनही मराठी माणसाला वाचता येत नव्हते; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी ती किल्ली शोधली. इंग्रजीचीही अशीच एखादी किल्ली असती तर मी ती कोचिंग क्लास काढून विकली असती. इंग्रजीत किल्लीच नाही. दर शब्दाला वेगळं कुलूप, आणि काही कुलपं नुसती टेकवलेली.

इंग्रजांनी आमच्या अमरावतीचंही असंच करून ठेवलं होतं. कापसाच्या व्यापारात आणि कागदोपत्री ते तिला 'ऊमरावुट्टी' लिहीत, दोन ओ, दोन टी आणि दोन ई लावून. इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' नावानं विकला जाई. ज्यांना एवढ्याशा गावाला अकरा अक्षरं परवडत होती त्यांनी टिअर आणि टेअरमध्ये एखादं अक्षर जास्तीचं घातलं असतं तर काही बिघडलं नसतं.

आता राहिला वऱ्हाडी बोलीचा मामला, आणि तिथं चित्र उलटं आहे. लिहिताना दोन, बोलताना एक. वऱ्हाडात ळ-चा य होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया, पोळीची पोई, होळीची होई. त्यामुळे 'जाय' म्हणजे जा, आणि 'जाय' म्हणजे जाळ. शेतात धुऱ्यावरचा कचरा गोळा करून बाप पोराला म्हणतो, "जाय." पोरगं घरी निघून जातं. बाप ओरडतो, "अबे, जाय म्हनलं ना!" पोरगं आणखी जोरात पळतं. 'माय' म्हणजे आई, आणि 'माय' म्हणजे गळ्यातली माळ. एखादा भाविक म्हणाला, "शेगावहून येताना माय आनली," तर ऐकणाऱ्यानं आधी पाया पडावं आणि मग चौकशी करावी. शुद्धलेखनाच्या तासाला वऱ्हाडी पोरांचं किती नुकसान झालं असेल! बाई सांगतात 'गाळ', पोरगं घरच्या कानानं ऐकतं आणि वहीत गाय काढतं. चार पायांची, शेपटीसकट.

माझ्या ओळखीच्या एका घरात पुण्याकडची सून आली. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी ती ओट्यापाशी उभी. चहा उकळत होता. सासूबाई परसातून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "चाय गाय वो."

सुनेला चाय कळली. गाय कळली. मधलं कळेना. तिनं अंदाज केला की गाईलाही चहा देत असतील. नव्या घराच्या चालीरीती, आपण कशाला विचारा! तिनं निम्मा चहा एका पसरट भांड्यात काढला, फुंकून कोमट केला, पदर सावरला आणि गोठ्यात नेऊन ठेवला. गाईनं तो प्यायला. साखरेचा होता, का नाही पिणार? सासूबाई हे सगळं बघत उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं पुण्याकडं तशी पद्धत असेल.

दोन दिवस गाईला चहा मिळाला. तिसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "दूध कमी अन् चायपत्ती जास्त कावून लागून रायली?" तेव्हा उलगडा झाला, आणि सून गाळणी घेऊन चहा गाळायला शिकली. आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मध्यंतरी तिची आई पुण्याहून चार दिवस राहायला आली. सकाळी चहाला उकळी फुटली तेव्हा लेक पोळ्या लाटत होती, दोन्ही हात पिठात. मान न वळवताच ती म्हणाली, "आई, तेवढी चाय गाय वो."

आई खिडकीशी गेली आणि गोठ्याकडं पाहून म्हणाली, "अगं, पण कपबशीत देऊ की भांड्यात?"